आग्नेसचा म्हातारा

मी एक म्हातारा. वय विचाराल तर अजून वर्षाचाही झालेलो नाही. पण कपाळावर आठ्या आहेत, डोळ्यांखाली पिशव्या आहेत आणि खालचा ओठ जरा पुढे आलेला आहे, त्यामुळे बघणारा मला पहिल्या नजरेतच म्हातारा ठरवतो. हात, पाय, पोट यांपैकी माझ्याकडे काहीच नाही. मी मानेपासून वर आहे तेवढाच. पुढून पोपटी, मागून पांढरा. हा रंगाचा घोटाळा कसा झाला ते सांगेन. आधी एवढं सांगतो की माझा जन्म जळण्यासाठी झाला होता, आणि मी जळलो नाही.

नायगावच्या खाडीकडे, मिठागरांच्या अलीकडे आमची आळी आहे. तिथं वर्षाच्या शेवटच्या दिवशी सरत्या वर्षाचा म्हातारा करून जाळतात. पेंढ्याचं अंग, कुणाची तरी जुनी पँट, कुणाचा तरी लग्नातला कोट आणि त्यावर डोकं. अंग कुणीही भरतं. डोकं मात्र आळीत एकच माणूस करायचा. हिलरी.

हिलरी मूर्तिकार. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिला तो कारखाना म्हणतो. नाताळच्या गोठ्यातली मेंढरं, मेंढपाळ, राजे, कुणाच्या घरच्या वेदीसाठी संत आंतोनी, कुणाच्या वडिलांचा अर्धपुतळा, हे सगळं त्याच्या हाताखाली मातीत उभं राहायचं आणि मग प्लास्टरमध्ये उतरायचं. म्हाताऱ्याचं डोकं तेवढं कागदाचं. मातीचा चेहरा करायचा, त्यावर पिठाच्या खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवायचे, वाळलं की आतली माती काढून घ्यायची. माती परत पिंपात. उरलं ते हलकं, पोकळ, छान जळणारं डोकं.

यातली मेख पुढेच आहे. त्या वर्षी हिलरीचं ज्याच्याशी वाजलं असेल, त्याचा चेहरा तो म्हाताऱ्याला द्यायचा. नाव कधी घ्यायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "असाच आला हाताला." एका वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी जळला, एका वर्षी माती आणणारा टेम्पोवाला, एका वर्षी तर खुद्द बायकोचा भाऊ. तो मेहुणा ईस्टरपर्यंत घरी जेवायला फिरकला नाही. आळी मात्र डिसेंबर लागला की हिलरीशी फार गोड बोलायची.

आग्नेस ही त्याची बायको, आणि माझी घडवणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या कारखान्यात माती मळते. खडे वेचणं, माती भिजवणं, तुडवणं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं, खळ शिजवणं, सगळं तिचं. चेहरे सगळे त्याचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं एकदा एका मेंढपाळाला नाक लावून पाहिलं होतं. हिलरी आला, "बरं केलंस," म्हणाला, आणि अंगठ्यानं ते नाक पुसून त्या जागी दुसरं लावलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास विहिरीजवळच्या शेवाळावर हिलरीचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. जन्मभर ज्यानं प्लास्टरला हवं तसं वाकवलं, त्याला प्लास्टरनं कोपरापर्यंत धरून ठेवलं. तो खुर्चीत बसून आल्यागेल्याला सांगायचा, "डॉक्टरनं लावलंय हे, पन फिनिशिंग नाय."

डिसेंबरात जेन्सन आला. जेन्सन बँकेत नोकरीला आहे आणि आळीतल्या तरुण मंडळींचा पुढारी आहे. म्हाताऱ्याचा सगळा कारभार तोच बघतो.

"अंकल, यंदा डोक्याचं काय करायचं?"

"मडक्यावर डोळे काढा नि ठेवा," हिलरी म्हणाला. "माझा हात बंद हाय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी करते."

हिलरी हसला. वाईट हसला नाही. लहान पोर 'मी विमान चालवणार' म्हणतं तेव्हा मोठी माणसं हसतात ना, तसा हसला. म्हणाला, "अगं, माती मळनं वेगळं नि चेहरा काढनं वेगळं."

"मातीत कोन करतंय," आग्नेस म्हणाली, आणि तिनं कढईत मासळी सोडली. त्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं.

हिलरीच्या घरात वरच्या खोलीत अक्षया भाड्यानं राहते. कणकवलीची मुलगी. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर पुतळे घडवते. केकवरच्या बाहुल्या, खेळण्यांचे नमुने, किल्लीला लावायचे हत्ती, असली कामं. तिनं पडद्यावर घडवायचं आणि तिथल्या मशीननं ते प्लास्टिकमध्ये काढायचं. पावसाळ्यापासून आग्नेस दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जवळ्याची चटणी वाटीत घेऊन वर जायची आणि दुपारी खाली यायची. हिलरीला वाटायचं, बायका गप्पा मारतात. त्याला असंही वाटायचं की एवढ्या गप्पा मारण्यासारखं त्याच्याखेरीज काय असणार. पहिलं चुकीचं होतं. दुसऱ्यात थोडं तथ्य होतं.

वर काय चालायचं ते मी सांगतो, कारण माझा जन्म तिथलाच.

जन्मलो तेव्हा मी चेंडू होतो. कॉम्प्युटरच्या त्या जगात राजा असो, राक्षस असो की पोपट, सगळ्यांची सुरुवात एका गुळगुळीत गोळ्यानं होते. अक्षयानं आग्नेसच्या हातात पेन दिलं, एक काळी पाटी समोर ठेवली आणि म्हणाली, "आंटी, इथं घासा, तिथं पडद्यावर दबेल."

आग्नेसनं माती दाबावी तसं दाबलं. मला आरपार भोक पडलं.

"अगं, हे हाताला लागतच नाय. किती दाबलं ते कळनार कसं?"

"हळूहळू अंदाज येतो. आणि चुकलं तर हे बटन. एक पाऊल मागे."

तिनं बटन दाबलं. भोक नाहीसं. तिनं पुन्हा भोक पाडलं आणि पुन्हा नाहीसं केलं. त्या दुपारी तिनं माझं दुसरं काहीही केलं नाही. भोक पाडायची, बुजवायची, आणि प्रत्येक वेळी गालातल्या गालात हसायची. मुद्दाम चुकण्याची चैन आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती तिला. मी तक्रार करणार नाही.

अक्षयानं एकदा विचारलं, "आंटी, तुम्हाला माती एवढी कळते, मग मातीतच का नाही करत?"

"मातीत त्याचा हात येतो मधे," आग्नेस म्हणाली. "मी एक बोट लावलं की तो धा लावतो. इथं त्याला बोट लावता येत नाय."

ती शिकत गेली तसतशी दोन्हीकडची तुलना करायला लागली, आणि बोलायचीही ती मोठ्यानं, त्यामुळे ती तुलना मला पाठ आहे. कॉम्प्युटरच्या बाजूनं बोलायचं तर, मातीच्या पुतळ्याभोवती माणसाला फिरावं लागतं. इथं माणूस बसून राहतो आणि पुतळाच फिरतो. आग्नेसच्या गुडघ्यांना ही गोष्ट फार पटली. ती मला उलटा करून माझ्या नाकपुड्यांतही डोकावायची. माती सुकते, तडकते, फडकं ओलं ठेवलं नाही तर सकाळी रडवते. मी आठवडाभर कॉम्प्युटरच्या डब्यात पडून राहिलो तरी होतो तसाच.

मातीच्या बाजूनंही तिचं म्हणणं होतं. मातीला वजन असतं. गाल जरा जाड झाला की तो आपणहून खाली ओघळतो. "म्हातारपन मातीला आयतंच येतं," ती म्हणायची, "याला मात्र मलाच एकेक सुरकुती घालून म्हातारं करावं लागतंय." पडद्यावर मी हवेत तरंगत होतो, मला कसला भार नव्हता, आणि ज्याला भार नाही त्याचा चेहरा ओघळेल कशाला? शिवाय वास नाही. ओल्या मातीचा वास आला नाही की तिला काम झाल्यासारखंच वाटायचं नाही. मग ती खाली जाऊन पिंपाचं झाकण उघडून यायची.

अक्षयानं तिला आणखी एक बटन दाखवलं होतं. ते चालू ठेवलं की चेहऱ्याचं एकच अंग करायचं, दुसरं आपोआप तसंच होतं. डावीकडे डोळा काढला की उजवीकडे डोळा हजर. आग्नेस खूश झाली. निम्मं काम वाचलं. तिनं ते बटन कधी बंदच केलं नाही.

म्हाताऱ्याचं काम अंगावर घेतल्यावर ती रोज संध्याकाळी वर जायला लागली. समोर फोटो नव्हता, कुणी बसलेलं नव्हतं. तिला फक्त एक म्हातारा करायचा होता. कपाळ आलं, आठ्या आल्या, भुवया आल्या, ओठ आला. एका संध्याकाळी अक्षया चहा घेऊन मागे उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

"आंटी, हे अंकल आहेत."

आग्नेसनं पेन खाली ठेवलं. चष्मा पुसला. मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. माती पुढे करता करता ती जन्मभर ज्या चेहऱ्याकडे बघत आली होती, तोच समोर होता. तिनं आणला नव्हता. तो आला होता.

"बदलूया का?" अक्षयानं विचारलं. "अजून सेव्ह नाही केलंय."

आग्नेसनं कप उचलला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "असाच आला हाताला. कर सेव्ह."

वालीवला माझा दुसरा जन्म झाला. चकलीच्या सोऱ्यासारखं एक नळकांडं असतं. त्यातून प्लास्टिकची वितळलेली तार बाहेर येते आणि थरावर थर चढत जातात. कारखान्याचे मालक कौस्तुभ भले माणूस. "उरलेली तार असेल ती वापरा," म्हणाले. उरलेली तार पोपटी होती. चेहरा झाला आणि ती संपली. मागची बाजू वेगळी काढायची होती, तिच्यासाठी पांढरी सापडली. दोन्ही अर्धी चिकटवली आणि मी पूर्ण झालो. डोक्यात मेंदू नाही, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी आहे. पण याबाबतीत मी आळीत एकटा नाही.

नाताळ झाला. हिलरीचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं आखडली होती. कप धरताना हात थरथरायचा. डॉक्टरांनी त्याला बोटं हलवत राहायला सांगितलं होतं. त्या दिवसांत तो कारखान्यात जाऊन उगाच कोरण्या पुसत बसायचा.

आग्नेसनं मला गोणपाटातून काढून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं तेव्हा जेन्सन आणि मंडळातले चारपाच जण आले होते. अक्षया दाराशी उभी होती. मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. मग हिलरीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. एकाला खोकला आला, दुसऱ्याला बाहेर मोटारसायकल बघायची आठवण झाली.

हिलरी चष्मा लावून जवळ आला. हात मागे बांधून माझ्याभोवती फिरला.

"कोन हा? ओळखीचा वाटत नाय."

मंडळी आपापल्या चपला बघायला लागली.

"हट्टी मानूस दिसतोय," हिलरी म्हणाला. "हा ओठ बघा. असा ओठ असनारा मानूस कोनाचं ऐकत नसतो."

"मलापन तसंच वाटतं," आग्नेस म्हणाली.

"आनि स्वतःला लय शहाना समजत असेल."

"असेल बाबा."

जेन्सननं तोंडावर रुमाल धरला. हिलरीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आता खरोखर मला बघत होता, कारागीर बघतो तसा, आणि त्याचा आवाज बदलला. "कपाळ बरं आलंय. डोळ्याखालची पिशवी तर चांगली आलीय. पन आग्नेस, दोन्ही बाजू सारख्या हायत. देवानं असा आळस कधी केला नाय. डावा नि उजवा सारखा असलेला मानूस दाखव मला."

"ते बटन चालू राहिलं," आग्नेस हळूच म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते. 'बरं' आणि 'चांगलं' हे शब्द त्या घरात चेहऱ्याबद्दल, मागोमाग अंगठा न येता, तिला पहिल्यांदाच मिळाले होते.

तेवढ्यात जेन्सननं रुमाल काढला आणि गंभीर होऊन म्हणाला, "आंटी, पण हे प्लास्टिक आहे ना?"

त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या आळीनं म्हाताऱ्याच्या पोटात टायर भरला होता. त्या धुरानं वयस्कर माणसांच्या छात्या भरल्या. तेव्हापासून दोन्ही आळ्यांनी ठरवलं होतं की रबर नाही, प्लास्टिक नाही. वालीवला माझा एक कान आधी मशीनवर काढताना फसला होता, तो अक्षयाच्या पिशवीत होता. जेन्सननं तो अंगणात नेऊन लायटर लावला. कान जळण्याआधी गळायला लागला. काळा धूर, थेंब थेंब, आणि असा वास की कोंबड्या पळाल्या. माझ्या सख्ख्या कानाची ती दशा मी दारातून उघड्या डोळ्यांनी पाहिली. डोळे मिटायची सोय मला नाही.

"सॉरी आंटी," जेन्सन म्हणाला. "मडक्याचं बघतो आम्ही."

मंडळी गेली. अक्षया "माझ्या लक्षातच आलं नाही" असं म्हणत राहिली. आग्नेस आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

खोलीत मी आणि हिलरी उरलो. त्याला आता हसायचं तर मोकळं रान होतं. कॉम्प्युटर हरला होता, माती जिंकली होती. तो आतल्या दाराकडे बघत उभा राहिला. तिथून आग्नेसची पाठ दिसत होती आणि भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यानं नखानं माझ्या कपाळावर टिचकी मारली.

"आग्नेस, खोबरेल आन."

"कशाला?"

"याला लावू नि वरून कागद चढवू. मातीवर चढवतो तसा. सुटून येईल तो कागद जाळायचा. हा नुसता साचा समज."

भांडी थांबली. आग्नेस पदराला हात पुसत दारात आली.

"तू खळ शिजव," हिलरी सवयीनं म्हणाला, "म्हंजे मी..."

"खळ तू शिजव," आग्नेस म्हणाली. "चेहरा माझा हाय."

मला वाटलं, आता इथं काहीतरी फुटणार. हिलरीचा खालचा ओठ आणखी पुढे आला. मला तो ओठ आतून माहीत आहे. पण तो वळला आणि पातेलं शोधायला गेला. पातेलं कुठं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचंही नव्हतं, त्यामुळे त्यात बराच वेळ गेला. खळ सतत ढवळत राहावी लागते हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण आजवर तेच तो तिला बजावत आला होता. ती स्वतः ढवळायची असते हे ध्यानात येईपर्यंत गुठळ्या झाल्या.

"गुठळ्या हायत," आग्नेस म्हणाली.

"चालतात."

"मी केल्या असत्या तर चालल्या नसत्या."

त्यावर हिलरीनं गुठळ्या वेचायला सुरुवात केली.

पहिला थर तिनं लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मासे आणायला बाजारात निघाली तेव्हा हिलरी म्हणाला, "दुसरा थर मी लावतो. डॉक्टरनं बोटं हलवायला सांगितलीत." तिनं क्षणभर विचार केला. मेंढपाळाचं नाक तिला आठवलं असणार. "नुसता कागद लाव," ती म्हणाली, "बाकी काय करू नको." आणि गेली.

आता जे झालं ते फक्त मी आणि तो जाणतो.

कारखान्यात उन्हाची तिरीप आली होती. हिलरीनं मला मांडीवर घेतलं. कागदाचा ओला तुकडा माझ्या कपाळावर ठेवला आणि आखडलेल्या बोटांनी दाबत बाहेर नेला. मग भुवई. मग डोळ्याखालची पिशवी. कागदाखाली माझा पोपटी रंग झाकला गेला होता आणि तो काही माझ्याकडे बघतही नव्हता. दाराबाहेर बघत, सवयीनं, बोटांनीच काम करत होता. बोटं गालावरून खाली आली, जबड्याच्या कडेनं फिरली आणि हनुवटीशी पोचली. तिथं थांबली.

ती पुन्हा वर गेली. पुन्हा त्याच वाटेनं खाली आली, या वेळी सावकाश. मग हिलरीचा डावा हात उचलला गेला आणि त्याच्या स्वतःच्या हनुवटीवर गेला. एक हात माझ्यावर, एक स्वतःवर. जबडा, जबडा. ओठ, ओठ. खळ त्याच्या दाढीला लागली. रोज सकाळी दाढी करताना ज्या वळणावर त्याचं बोट फिरतं, ते वळण त्याच्या मांडीवर होतं.

तो उठला, घरात गेला. आरशासमोर बराच वेळ असावा. परत आला तेव्हा दाढीवरची खळ तशीच होती. समोर बसून त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कोनाचं ऐकत नाय म्हनं," तो मला म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

मला भीती वाटली की आता अंगठा येणार. एका अंगठ्यात तो मला सेक्रेटरी करू शकत होता, मेहुणा करू शकत होता, कुणीही करू शकत होता. त्यानं कागदाचा लगदा घेतला आणि तो खरंच माझ्या नाकाला हात घालू लागला. डाव्या बाजूला थोडा लगदा लावला, उजवीकडून दाबलं. मग एक भुवई केसभर वर सरकवली. एका कानाची पाळी जरा लांबवली. हात थरथरत होता, म्हणून तो डाव्या हातानं उजवा धरून काम करत होता. एवढं केलं, आणि थांबला. बोटं धुवून खुर्चीत जाऊन बसला, पेपर उघडला आणि उलटा धरला.

आग्नेस पिशवी घेऊन आली. तिनं मला पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मी सांगितलं होतं काय करू नको म्हनून. नाक वाकडं केलंस."

"वाकडंच हाय ते," हिलरी पेपरमागून म्हणाला. "लग्नाच्या आधीपासून."

पिशवीतले बोंबील ओघळायला लागले तरी तिचं लक्ष नव्हतं.

"एवढी वर्सं तुला दिसलं नाय?" त्यानं विचारलं.

"दिसलं होतं. सरळ असतं तर बरं, असं वाटायचं."

"मग? सरळ केल्यावर कसा दिसला?"

आग्नेस जवळ आली. ओल्या कागदावरून तिनं एक बोट नाकाच्या वाकणावर फिरवलं. "परका," ती म्हणाली. मग म्हणाली, "ही भुवई अजून वर असते. भांडताना."

"मग कर की," हिलरी म्हणाला. "चेहरा तुझा हाय."

तिनं भुवई वर केली. त्यानं तिला बोट लावलं नाही.

वाळल्यावर तो कागद पात्यानं मागून चिरून माझ्यावरून उतरवला, पुन्हा जोडला, रंगवला. एकतीस तारखेच्या रात्री तो कागदी हिलरी कुणाच्या तरी लग्नातल्या कोटावर बसून गेला. मी कारखान्यातच होतो. मला फक्त फटाके ऐकू आले. बाकीचं दुसऱ्या दिवशी अक्षयाकडून कळलं. हिलरी स्वतःला जळताना बघायला सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसला होता. जेन्सननं माइकवरून सवयीनं सांगितलं, "डोकं केलंय आपल्या हिलरी अंकलनी." तेव्हा हिलरीनं उठून माइक मागून घेतला आणि म्हणाला, "चेहरा आग्नेसनं केलाय. खळ तेवढी माझी. गुठळ्या दिसल्या तर मला बोला." मेहुणा म्हणे एवढ्या जोरानं टाळ्या वाजवत होता की शेवटी त्याला बसवावं लागलं.

तर असा मी राहिलो. आता कारखान्याच्या खिडकीत असतो, संत आंतोनी आणि एका कान तुटलेल्या मेंढराच्या मधे. हिलरी त्याची टोपी माझ्या डोक्यावर अडकवतो. आग्नेसला त्याचा राग आला की ती येऊन जे काय सांगायचं ते मला सांगते, आणि मी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतो. नवरा म्हणून मी त्याच्यापेक्षा सरस आहे, पण कौतुक कोण करणार. ती हल्ली रविवारी वर बसून पुढच्या नाताळचे राजे करतेय, आणि ते बटन बंद ठेवून करतेय. हिलरी एकदा वर गेला होता. पेन हातात घेऊन त्यानं विचारलं, "वास कुठाय?" आणि चहा पिऊन खाली आला.

पण माझ्यासमोरच्या स्टँडवर महिनाभर एक काम चालू आहे, त्यामुळे मला जरा कुतूहल आहे. माती त्यानं स्वतः मळली, आग्नेसला पिंपाजवळही येऊ दिलं नाही. खडे राहिले आहेत, पण कुणी काही बोललेलं नाही. संध्याकाळी ती समोरच्या स्टुलावर बसते आणि तो तिचा चेहरा करतो. एवढ्या लोकांचे चेहरे केले त्यानं, हा कधी केला नव्हता. हात अजून थरथरतो. शिवाय तिला गप्प बसता येत नाही, बोलली की गाल हलतो, गाल हलला की तो म्हणतो "थांब," आणि ती म्हणते "कशाला थांबू, तूच थांब." काम अजून कपाळाच्या खाली उतरलेलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. कधी आमच्या आळीत आलात तर खिडकीतून खुशाल बघा, पण हाक मारू नका. हाक मारली की ती वळते, आणि ती वळली की त्याला पुन्हा सुरुवात करावी लागते. मला घाई नाही. मला कुजायला शेकडो वर्षं लागतील असं अक्षया म्हणते. त्याच्याकडे तेवढी नाहीत.